लेकीच्या रक्ततपासणीचा हट्ट सोडा

प्रश्न : मुलगी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला आहे. पदवीला ७१ टक्के होते. फील्डवर्कसाठी तिला ओपिऑइडच्या (अफू, हेरॉइन यांसारख्या अमली पदार्थांच्या) व्यसनाच्या उपचार केंद्रात पाठवलंय. तिथे ती रुग्णांच्या गटाला एचआयव्ही, हिपॅटायटिस, टीबी यांची माहिती देते आणि आता म्हणते, हेच काम पुढे करायचं. तिला तिथून काही लागण होईल या धास्तीने मी दोनदा तिची एचआयव्ही तपासणी करून घेतली. तिला न सांगता केंद्रप्रमुखांना पत्रही लिहिलं की, हिला या कामातून काढा. पत्रकं वाचून दाखवण्यात कसलं आलंय करिअर? तिला स्पर्धा परीक्षांकडे कसं वळवू? – एक वडील

उत्तर : स्पर्धा परीक्षांचं एका ओळीत सांगून टाकते. पदवी हातात आहे, वय आहे, तिला वाटलं तर ती पुढच्या वर्षीही देऊ शकेल. माझं लक्ष अडलंय ते त्या दोन तपासण्यांवर आणि तिच्यामागे लिहिलेल्या पत्रावर.

एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करायची नाही आणि निकाल ज्याचा त्यालाच सांगायचा, हा अशा गटातला अगदी पहिला नियम. तो पाळला नाही तर दुसऱ्या दिवशी गटात कुणी येत नाही. तुमची मुलगी केंद्रात हा नियम सांगते आणि घरी तिच्याच बाबतीत तो मोडला जातो. वडील समोर उभे असताना मिळालेल्या होकाराला मी संमती म्हणणार नाही. तुमचं तिच्यावर प्रेम आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण सज्ञान मुलीशी असं वागायचा अधिकार त्यातून मिळत नाही. आणि त्या तपासण्यांनी सिद्ध तरी काय झालं? लागण होण्यासारखा प्रसंग घडलाच नव्हता. घडला असता, तरी प्रयोगशाळेतल्या आधुनिक तपासणीलाही खात्रीने ‘नाही’ म्हणायला ४५ दिवस जावे लागतात.

आता तुमच्या भीतीबद्दल. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी गोल करून बसल्याने, हात मिळवल्याने, एका भांड्यातलं पाणी प्यायल्याने होत नाहीत. एचआयव्हीबाधिताच्या रक्ताची सुई चुकून टोचली तरी लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. तसं झालंच तर ७२ तासांच्या आत औषधं सुरू करून ती २८ दिवस घ्यायची असतात. गट घेणाऱ्या माणसाचा सुयांशी संबंधच येत नाही. खरी काळजी घ्यायची ती दुसरीकडे. हिपॅटायटिस बीची लस तिने घेतली आहे का? तीन डोस लागतात : पहिला, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) पातळी तपासून घ्यावी. ती १० एमआययू/मिली किंवा त्याहून अधिक आली की निश्चिंत. आणि टीबी. तो मात्र हवेतून पसरतो. म्हणून गटाची खोली बंद, कोंदट नको, खिडक्या उघड्या हव्यात आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्याला गटात बसवण्याआधी थुंकी तपासायला पाठवायला हवं. दोनदा एचआयव्ही तपासून घेतलंत, पण खोलीला खिडकी आहे का हे एकदाही विचारलं नाहीत.

‘पत्रकं वाचून दाखवणं’ हा शब्दप्रयोग मला लागला. गटात हमखास येणारा एक प्रश्न घ्या. ‘मी माझीच सुई वापरतो, मग मला हिपॅटायटिस सी झालाच कसा?’ पत्रकात एवढंच असतं की सुई वाटून घेऊ नका. गट घेणाऱ्याला त्या माणसाकडून एकेक पायरी वदवून घ्यावी लागते. पावडर कशात विरघळवली? चमचा कुणाचा? पाणी एकाच भांड्यातून सगळ्यांनी ओढलं का? गाळायचा कापूस एकच होता का? भरलेल्या सिरिंजमधून दुसऱ्याच्या सिरिंजमध्ये वाटणी झाली का? सुई स्वतःची असूनही विषाणू इथून येतो, कारण हा विषाणू शरीराबाहेरही बरेच दिवस तग धरतो. लिंबाचा रस घालून विरघळवणाऱ्यांच्या डोळ्यापर्यंत बुरशीचा संसर्ग पोहोचू शकतो, हेही अशाच बोलण्यातून निघतं. घाबरवणारी चित्रं दाखवली की खोली गप्प होते आणि ही माहिती कधीच बाहेर येत नाही.

दुसरा घोळ तपासणीचा. हिपॅटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. पण बरं झाल्यावरही अँटिबॉडी तपासणी पॉझिटिव्हच येत राहते. रुग्णाला वाटतं, उपचार फुकट गेले. आरएनए तपासणी वेगळी असते आणि आज विषाणू आहे की नाही ते तीच सांगते, हे त्याला पटलं नाही तर तो पुन्हा फिरकत नाही. आणि एकदा बरा झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते, हेही त्याच बैठकीत सांगावं लागतं.

तिसरं उदाहरण जिवाशी बेतणारं. मेथाडोनवर (हेरॉइनऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या औषधावर) असलेल्या रुग्णाला टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं की यकृत मेथाडोन झपाट्याने संपवतं. काही दिवसांत हातपाय दुखतात, जुलाब लागतात, झोप उडते, म्हणजे टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) सुरू होते. रुग्णाचा समज होतो की टीबीची गोळी सोसत नाही. तो ती सोडतो, नाहीतर पुन्हा हेरॉइनकडे जातो. डॉक्टर मेथाडोनचा डोस वाढवू शकतात किंवा रिफॅम्पिसिनऐवजी रिफॅब्युटिनसारखा पर्याय देऊ शकतात, पण त्यासाठी रुग्णाने येऊन सांगायला हवं. तो सांगेल की नाही, हे गटात त्याला काय कळलं होतं यावर ठरतं. याला तुम्ही वाचून दाखवणं म्हणता?

गटाची वेळसुद्धा विचार करून ठरवावी लागते. डोसआधी माणसं अस्वस्थ असतात. मेथाडोन घेतल्यावर दोन ते चार तासांनी त्याचा जोर सर्वाधिक असतो, तेव्हा काहींना पेंग येते. डोस घेतल्यावर लगेच, आठ-दहा जणांचा, पाऊण तासाचा गट बरा चालतो. तपासणी त्याच दिवशी, त्याच इमारतीत झाली पाहिजे, ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटलं की निम्मे गळतात. गटाला बसला नाहीस तर डोस नाही, अशी अट घालणाऱ्या केंद्रात तिने मुळीच शिकू नये. गट चुकला म्हणून औषध तोडलं की माणूस थेट सुईकडे परततो. मेथाडोन किंवा त्याच कामाचं दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन यांचा उपचार स्वतःच हिपॅटायटिस सीचा धोका सुमारे निम्म्यावर आणतो, तो अडवून संसर्गाचं शिक्षण देण्यात अर्थ नाही.

मला तिच्याबद्दल एक काळजी आहे, पण ती लागणीची नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने असा गट एकटीने घेऊ नये. सोबत अनुभवी समुपदेशक किंवा व्यसनातून बाहेर आलेला पीअर एज्युकेटर हवा, मागे नर्स हवी आणि आठवड्यातून एकदा तरी पर्यवेक्षकाशी सविस्तर बोलणं हवं. गटातलं कुणी अतिसेवनाने दगावलं तर तिच्याशी कोण बोलणार, हे आधीच ठरलेलं हवं. याची उत्तरं तिच्याकडून घ्या. ती ‘नाही’ असतील तर केंद्र बदलावं, क्षेत्र नव्हे. पुढे सार्वजनिक आरोग्य, क्लिनिकल सोशल वर्क, व्यसन समुपदेशन हे रस्ते आहेत आणि तिन्हीकडे गट हाताळता येणारी माणसं कमी पडतात.

केंद्रप्रमुखांना लिहिलेलं पत्र याच आठवड्यात मागे घ्या. पण त्याआधी ते लिहिलं होतं हे मुलीला स्वतः सांगा, तिला ते पर्यवेक्षकाच्या तोंडून कळायला नको.