न बदललेल्या कोडचा बिल्ड का मोडतो?

प्रश्न : आम्ही चौघे नोकरी सांभाळून छायाचित्रांची सूची करणारे एक छोटे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालवतो. प्रत्येक कमिटनंतर (कोडमधील नोंदवलेल्या बदलानंतर) आणि रोज रात्री त्याचा बिल्ड, म्हणजे कोडपासून वापरण्याजोगा प्रोग्राम तयार करण्याचे काम, एका विनामूल्य सेवेवर आपोआप होतो. ही व्यवस्था ज्याने बसवली, तो सहकारी आता इतर कामांत गुंतला आहे. दोन महिन्यांहून अधिक काळ आम्ही कोडला हात लावला नव्हता; परवा रीडमी फाइलमधील एक शब्द दुरुस्त केला आणि बिल्ड मोडला. ‘डिस्ट्युटिल्स’ नावाचे मॉड्यूल सापडत नाही, असे लॉगमध्ये (बिल्डच्या नोंदींत) दिसते. रात्रीचा बिल्ड तर मध्येच कधीतरी बंद पडला होता आणि ते कोणाला कळलेही नाही. आम्ही सेवा बदलावी का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : निदान या कारणासाठी तरी सेवा बदलू नका. कोड बदलला नाही हे खरे. परंतु ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर, पायथॉनची आवृत्ती, ऐन वेळी इंटरनेटवरून उतरवलेली पॅकेजेस, हे सारे बिल्डचेच भाग असतात आणि त्यांतील बहुतेकांची नोंद रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, कोणी केलेली नसते. तुमच्या लॉगमधील ती ओळ नेमके हेच सांगते आहे. डिस्ट्युटिल्स हे पॅकेजेस बांधणारे मॉड्यूल ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१२ मधून काढून टाकण्यात आले. तुम्ही सेवेचे नाव कळवलेले नाही, म्हणून कोड ठेवणाऱ्या आणि बिल्डही करणाऱ्या, सर्वांना ठाऊक असलेल्या गिटहबचे उदाहरण घेतो. तेथे ‘उबंटू-लेटेस्ट’ (उबंटू या ऑपरेटिंग सिस्टीमची ताजी आवृत्ती) हे नाव डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने २२.०४ ऐवजी २४.०४ या आवृत्तीकडे वळवण्यात आले आणि त्यासोबत पायथॉन ३.१० जाऊन ३.१२ आला. ज्यांनी आपल्या बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये नुसते ‘लेटेस्ट’ लिहून ठेवले होते, त्यांच्या पायाखालची सिस्टीम एका कमिटपासून दुसऱ्या कमिटपर्यंत बदलून गेली. तुमच्याकडेही असेच काही घडले असावे.

तातडीचा उपाय सोपा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथॉन या दोहोंची आवृत्ती फाइलमध्ये स्पष्ट लिहा, म्हणजे बिल्ड आजच्या आज पूर्ववत होईल. मग सवडीने डिस्ट्युटिल्सचा वापर काढून त्याची जागा घेणाऱ्या सेटअपटूल्सकडे वळा. जुन्या आवृत्तीवर कायमचे बसून राहता येणार नाही, कारण सेवेवरील जुन्या प्रतिमाही (सिस्टीमच्या तयार प्रती) एके दिवशी काढल्या जातात. गिटहबवरील उबंटू २०.०४ ची प्रतिमा एप्रिल २०२५ मध्ये अशीच गेली. आवृत्ती पक्की केल्याने बदल टळत नाही, त्याची वेळ ठरवणे मात्र तुमच्या हाती येते. आणि ज्यांना शनिवार-रविवारीच काम करता येते त्यांच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे.

रात्रीच्या बिल्डचे कोडेही बहुधा असेच सुटेल. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर गिटहब वेळापत्रकानुसार चालणारे वर्कफ्लो, म्हणजे ठरवून दिलेली कामे, आपोआप थांबवते. शिवाय अशा वर्कफ्लोच्या सूचना ज्याने ते वेळापत्रक लिहिले किंवा शेवटचे बदलले, त्यालाच जातात. म्हणजे तुमच्याकडील सूचना त्या दूर गेलेल्या सहकाऱ्याच्या पेटीत न वाचता पडून असण्याची शक्यता बरीच आहे. वेळापत्रकाची ओळ आता दुसऱ्या कोणीतरी बदलावी आणि सेवेच्या खात्यावर किमान दोघांना पूर्ण अधिकार असावेत. खरे तर हे त्या सहकाऱ्याला निरोप देण्यापूर्वीच व्हायला हवे होते. परंतु स्वयंसेवी प्रकल्पातून माणसे निरोप घेऊन जात नाहीत, हळूहळू उत्तरे देईनाशी होतात.

सेवा बदलण्याची वेळ पुढे कधीतरी येऊ शकते, हे मात्र गृहीत धरा. मुक्तस्रोत प्रकल्पांचे वर्षानुवर्षांचे आश्रयस्थान असलेल्या ट्रॅव्हिस सीआय या बिल्ड सेवेने नोव्हेंबर २०२० मध्ये विनामूल्य वापरावर मर्यादा आणल्या आणि असंख्य प्रकल्पांना घाईने स्थलांतर करावे लागले. ज्यांनी बिल्डच्या सगळ्या पायऱ्या त्या सेवेच्या सूचनांच्या (याम्ल) फाइलमध्येच कोंबल्या होत्या, त्यांना त्या मुळापासून पुन्हा लिहाव्या लागल्या. म्हणून पायऱ्या रिपॉझिटरीतील एका शेल स्क्रिप्टमध्ये किंवा मेकफाइलमध्ये (आज्ञांच्या साध्या फाइलमध्ये) ठेवा आणि सेवेच्या फाइलने फक्त ती स्क्रिप्ट चालवावी. तुमच्या लॅपटॉपवर, नव्याकोऱ्या कंटेनरमध्ये (बाकी संगणकापासून अलग ठेवलेल्या जागेत) तीच स्क्रिप्ट शेवटापर्यंत गेली, तर सेवा कोणतीही असो, तुम्ही अडत नाही. डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमचे स्वयंसेवक याच्याही पुढे गेले आहेत. त्यांच्या धोरणानुसार मुख्य संग्रहातील पॅकेजच्या बिल्डने इंटरनेटवरून काहीही मागायचे नसते. लागणारी प्रत्येक गोष्ट आधी घोषित करावी लागते आणि ती संग्रहातूनच बसवली जाते. चौघांच्या प्रकल्पाला इतकी शिस्त झेपणार नाही, पण डिपेंडन्सींची (लागणाऱ्या इतर पॅकेजेसची) आवृत्तीसह यादी ठेवणे नक्की झेपेल.

प्रश्न : अनोळखी व्यक्तींनी पाठवलेल्या पुल रिक्वेस्टवर (कोडमध्ये सुचवलेल्या बदलांवर) बिल्ड आपोआप चालू द्यावा का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चालू द्यावा, परंतु त्या बिल्डच्या हाती कोणतीही गुपिते (पासवर्ड, किल्ल्या) देऊ नयेत. बिल्ड म्हणजे परक्याने लिहिलेला प्रोग्राम आपल्या नावावर चालवणे होय. गिटहबवर साध्या ‘पुल रिक्वेस्ट’ या घटनेवर चालणाऱ्या आणि फोर्कमधून (परक्याच्या खात्यातील तुमच्या रिपॉझिटरीच्या प्रतीतून) आलेल्या बिल्डला तुमची गुपिते मिळत नाहीत. ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ या घटनेवर चालणाऱ्याला मात्र मिळतात. तेथे परक्याचा कोड उतरवून चालवला, तर प्रकाशनाची किल्ली गेलीच म्हणून समजा. पॅकेज प्रकाशित करणारा वर्कफ्लो स्वतंत्र ठेवावा आणि तो केवळ तुम्ही लावलेल्या टॅगवर (आवृत्तीच्या नावाच्या खुणेवर) चालावा.

धोका केवळ परक्यांच्या पुल रिक्वेस्टमधून येतो असेही नाही. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’च्या एका लोकप्रिय ॲक्शनमध्ये (वर्कफ्लोत वापरायच्या तयार पायरीत) हल्लेखोरांनी जुने टॅग दुष्ट कमिटकडे वळवले आणि ते वापरणाऱ्या प्रकल्पांची गुपिते बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश (त्या एकाच कमिटची न बदलणारी ओळख) लिहिणारे बहुतांशी वाचले. हॅश वाचायला कुरूप दिसतो, ही तक्रार रास्त आहे. तरीही तोच लिहावा.

प्रश्न : आमच्या बिल्ड सेवेवर तयार झालेली फाइल आणि माझ्या संगणकावर त्याच कोडपासून तयार केलेली फाइल जुळत नाही. यात काही गैर आहे का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : बहुधा नाही. फाइलमध्ये छापलेली बिल्डची वेळ, फोल्डरचा मार्ग किंवा फाइलींचा क्रम, ही नेहमीची कारणे असतात. ‘सोर्स डेट इपॉक’ या नावाच्या पर्यावरणचलामध्ये (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या मूल्यात) शेवटच्या कमिटची वेळ घातली, तर त्याला मानणारी साधने बिल्डच्या क्षणाऐवजी तीच वेळ छापतात. एवढी खटपट करण्याचे कारण मार्च २०२४ मध्ये सर्वांनी पाहिले. एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतील चोरदरवाजा उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट प्रकाशित टारबॉलमध्ये (कोडच्या गठ्ठ्यात) होती, गिट रिपॉझिटरीत नव्हती. त्यामुळे केवळ रिपॉझिटरी वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. तुमचा टारबॉल हाताने न बनवता टॅगवरून बिल्ड सेवेनेच बनवावा आणि दुसऱ्या कोणीतरी आपल्या संगणकावर तो पुन्हा बनवून चेकसम (फाइलचा अंकी ठसा) जुळवून पाहावा.