25 नोव्हेंबरला मोर्चे काढून, मेणबत्त्या लावून बायकांवरचा मार खरंच थांबतो का?

तुम्ही विचारलं की 25 नोव्हेंबरला, बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या जागतिक दिवशी, दरवर्षी जगभर हे होतं, बिल्डिंगांवर नारंगी लाइट लावतात, पण मारणारा तर घरात बसलेला असतो, मग फायदा काय. मी नागपूरची, मानेवाड्यात राहते, बरीच वर्षं संविधान चौकातल्या कार्यक्रमांना जाऊन राहिली आहे म्हणून सांगते. फायदा होतो, फक्त त्या दिवशी दिसत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. रात्री अकराच्या सुमारास भांडी आपटायची, मग तिचं रडणं, अन् मग आमच्यासकट सगळी बिल्डिंग टीव्हीचा आवाज वाढवायची. 'त्यांच्या घरातलं मॅटर आहे' हे मी पण म्हटलेलं आहे, आज लाज वाटते. टीव्हीवर 'बेल बजाओ'ची जाहिरात लागायची, 2008 ला सुरू झालेली मोहीम, शेजारी मारहाणीचा आवाज ऐकतो, उठतो, जाऊन बेल वाजवतो अन् दूधबिध काहीतरी मागतो, बस एवढंच. ती डोक्यात राहून गेली असावी, कारण एका रात्री मी वाटी घेऊन वर गेली अन् बेल दाबली. त्यानं दार उघडलं, बनियनवर, दम लागलेला. मी म्हटलं, भाऊ, विरजण आहे का थोडं. माझे पाय लटलट कापून राहिले होते. मागं ती ओट्यापाशी, मनगट नळाखाली धरलेलं, फरशीवर हिरव्या बांगड्यांचे तुकडे. म्हणाली, "ताई, सकाळी देते." त्या रात्री पुन्हा आवाज आला नाही. सकाळी स्टीलच्या डबीत विरजण घेऊन आली अन् दीड तास बसली.

पोलीस ठाण्यात आम्हाला 'आपसात मिटवा' सांगितलं. मग कुणीतरी संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा बायकांना मदत करायला सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवलं. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात घर नवऱ्याच्या नावावर असलं, सासऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला राहत्या घरातून असं हाकलता येत नाही, हे तिला माहीतच नव्हतं, मला पण नव्हतं. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, तिला सात महिने लागले, पण ऑर्डर मिळाली.

आणि असे कायदे आपोआप येत नाहीत हो. आपल्या विदर्भातलंच बघा. 1972 ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी पोरीवर बलात्कार झाला. सेशन कोर्टानं दोघा पोलिसांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, अन् सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिची संमती होती. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, जागोजागी बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठं 1983 मध्ये कायदा बदलला अन् पोलीस कोठडीतल्या बलात्कारात बाईनं 'संमती नव्हती' म्हटलं तर कोर्टानं तसं धरून चालायचं असं ठरलं. मोर्चात चालणाऱ्यांना त्या दिवशी काय मिळालं असेल? पायाला फोड.

25 नोव्हेंबर ही तारीख पण बायकांनीच ठरवलेली आहे. 1960 ला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी मिराबाल घरातल्या तीन बहिणींना मारलं, 1981 ला बोगोटात जमलेल्या बायकांनी तो दिवस पाळायचं ठरवलं, अन् युनोनं मान्य करेपर्यंत 1999 उजाडलं. जगात साधारण दर तीन बायकांमागे एकीनं हा मार किंवा जबरदस्ती सोसलेली आहे, म्हणजे तुमच्या जिन्यात पण कुणीतरी असणारच.

तर यंदा चौकात या, पण त्याआधी जिन्यात कान द्या. मार चालू असेल तर 112, सल्ला-मदत पाहिजे असेल तर 181. एकटं जायची भीती वाटली तर कुणाला सोबत घ्या. आणि तिच्या फोनवर मेसेज नका टाकू, नवरा बघत असतो. भाजीवाल्यापाशी गाठा तिला.