माहेरवाशिणीला मोटर बसवताना

मिस्त्रीला विचारा

प्रश्न : मिस्त्रीकाका, माझ्या वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी जुळे सोलापुरात आमच्या घरामागे कडुनिंबाखाली नऊ वर्षं उभी आहे. ते सुताचे व्यापारी होते. सहा वर्षांपूर्वी वारले. भंगारवाला दर दिवाळीला येऊन भाव सांगून जातो आणि मी दर दिवाळीला नाही म्हणते. आता मुलाच्या डोक्यात आलंय की इंजिन काढून बॅटरी आणि मोटर बसवायची. त्याने मोबाइलवर एक किट पाहून ठेवलंय, ते लोक अॅडव्हान्स मागतायत. हे असं करता येतं का? एका चार्जमध्ये तुळजापूरला जाऊन परत येता येईल का? आणि सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : ताई, आधी तो अॅडव्हान्स थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

भंगारवाल्याला नाही म्हणालात ते बरं केलंत. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, पण तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात १८८२ साली जन्मले. प्रीमियर कंपनी त्यांनी १९४४ साली उभी केली. म्हणून सोलापुरातली प्रत्येक पद्मिनी मला माहेरवाशीण वाटते. मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. आपल्याकडच्या तेवढ्या तरी टिकाव्यात.

पहिलं काम कागदांचं. गाडी अजून वडिलांच्या नावावर असणार. वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१ आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, ती तुमची केव्हाच संपली असेल. पर्यावरण कर थकला असेल तर तोही भरावा लागेल. आरटीओत दोन-चार खेपा होतील, धीर सोडू नका.

दुसरं किटचं. इलेक्ट्रिक करायला कायद्याची परवानगी आहे, पण मोटर वाहन नियमांतल्या ११५-डी प्रमाणे मंजूर झालेलंच किट लागतं, आणि ते अधिकृत माणसानेच बसवायचं. विकणाऱ्याकडून मंजुरीचं प्रमाणपत्र मागा. त्यात पद्मिनीचं नाव छापलेलं नसेल तर एक पैसाही देऊ नका. ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ म्हणणारा माणूस शिंप्यासारखा आहे, माप न घेताच सदरा शिवणारा. बसवल्यावर आरटीओत तपासणी होते, आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, इंधनाचा प्रकार बदलतो, नंबरची पाटी हिरवी होते. विमा कंपनीलाही कळवा.

आणि एक गोष्ट मुलाला नीट सांगा. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, तो नियम २०२१ साली आला. तुमची गाडी २०३४ साली पन्नाशीची होईल. इंजिन काढलंत की तो रस्ता बंद. अर्थात व्हिंटेज गाडी रोज वापरता येत नाही, हेही खरं. दारात मिरवायची की भाजी आणायला न्यायची, ते तुम्ही मायलेकांनी ठरवायचं. मला विचाराल तर आधी जुनं इंजिन सुरू करून बघा. १०८९ सीसीचं हे इंजिन भलतंच चिवट. नऊ वर्षं पडून असलं तरी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, चार दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवून पाहा. फिरलं तर तुमचा अर्धा प्रश्न बदलतो.

आता पत्र्याकडे या. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून पत्रा गेला तर मोटर कुठली बसवता? पुढची मॅट उचला, ड्रायव्हरच्या टाचेखालच्या जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवा आणि अंगठ्याने दाबा. धड पत्रा ‘टण्’ म्हणतो. सडलेला काहीच म्हणत नाही, टोक आत जातं आणि खाली तपकिरी भुकटी पडते. हीच परीक्षा दारांखालच्या पट्टीला, चाकांच्या कमानींना आणि डिकीच्या तळाला करा. तुमच्या गाडीत मला जास्त भीती वायपरखालच्या खाचेची वाटते. कडुनिंबाचा पाला तिथे साचून कुजतो, पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि ते हळूहळू आत झिरपतं. पेंटरने पुट्टी भरून गुळगुळीत करून दिलं तर घेऊ नका, सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायला सांगा.

मोटरचं माझं स्वतःचं शहाणपण फार महागात पडलेलं आहे. चारेक वर्षांपूर्वी एका दोस्ताच्या पद्मिनीवर आम्ही कंपाउंडच्या आतच प्रयोग केला. गिअरबॉक्स मूळचाच ठेवला, मोटर त्याला जोडायची होती. मधली प्लेट आणि दोन शाफ्ट जोडणारं कपलिंग एका लेथवाल्याकडून करून घेतलं. माणूस हुशार, आयुष्य पॉवरलूमचे शाफ्ट आणि गिअर कातण्यात गेलेलं. मागावर केसभर इकडेतिकडे चालतं, इथे चालत नाही. दोन शाफ्ट एका रेषेत शतांश मिलिमीटरमध्ये यावे लागतात. एवढा बारीक फरक दाखवणारा डायल गेज आम्ही लावलाच नाही, डोळ्याने पाहिलं आणि बोल्ट आवळले. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुईं करत थरथरायला लागली, आठवड्यात ऑइल सील फाटलं. त्यावर कडी म्हणजे सगळी बॅटरी डिकीत टाकली होती. नाक वर, मागचा भाग खाली, स्टिअरिंग इतकं हलकं की बैलगाडीचा कासरा बरा. मंजूर किटच बसवा म्हणून मी उगाच कटकट करत नाही.

तुळजापूरचं गणित असं. समजा ३.२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाचे २४ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घेतले. म्हणजे साधारण सव्वापंधरा युनिट वीज. पूर्ण रिकामी करायची नाही म्हणून त्यातली तेरा धरा. पन्नास-साठच्या वेगाने अशी गाडी एका युनिटला सातेक किलोमीटर जाईल. झाले नव्वद किलोमीटर. सोलापूर-तुळजापूर जाऊन-येऊन तेवढंच, आणि जाताना घाट चढायचा. उतरताना मोटर थोडी वीज परत देते, पण तिच्यावर घरी पोचायचा भरवसा नको. आईचं दर्शन घेऊन तिथे दोन तास चार्जिंगला लावा. अक्कलकोटला सपाट रस्ता आहे, तिथे जाऊन याल.

ही बॅटरी पेटीसकट दीडशे किलोच्या आसपास जाते. इंजिन, रेडिएटर आणि पेट्रोलची टाकी निघाल्यावर वजनाचा मेळ बसतो, पण ती पुढे-मागे वाटूनच बसवायला हवी. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. लायनर, व्हील सिलिंडर, रबरी होज, सगळं नवं टाका, यात काटकसर नको. कुणी ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर मागाहून बसवला असेल तर त्याला लागणारा व्हॅक्यूम इंजिनातून येतो. इंजिन गेलं की वेगळा पंप लागेल. मोटर पहिल्या क्षणापासून जोर देते, मागच्या चाकांना जोर वाटून देणारं जुनं डिफरन्शियल त्याला सरावलेलं नसतं. मोटरला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरमध्ये सुरुवातीचा जोर कमी करून घ्या.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. उष्णतेने सेल लवकर म्हातारे होतात. भर दुपारी चार्जिंग नको, रात्री गाडी निवली की लावा. ३.३ किलोवॅटचा चार्जर पाच तासांत भरतो, पण घरातली १६ अँपिअरची वायर आणि अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. उन्हाळ्यात आपली जमीन सुकते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं. नळाला पाणी रोज येत नाही हे माहीत आहे, भांडी घासलेलं चालेल.

स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा तसाच राहतो. क्लच फारसा लागत नाही, सात रस्त्याच्या गर्दीतही दुसऱ्या गिअरमध्ये सगळं भागतं. वडील तिसरा टाकताना हात कसा वळवायचे ते तुम्हाला आठवत असेल, मुलाला दाखवा.

प्रश्न : जुन्या फियाटच्या दारांची आणि पुढच्या काचेची रबरं सोलापुरात मिळत नाहीत. काय करावं?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : जुन्या रबराचा दोन बोटं लांबीचा तुकडा कापून मुंबईला न्या, कुर्ल्यात सीएसटी रोडला दुकानं आहेत. फोनवर वर्णन करून मागवू नका, खाच उलटी निघते. आणि रबर बसवताना ग्रीस लावू नका, साबणाचं पाणी लावा.