सुटीतला सहकुटुंब प्रवास : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : दसऱ्याच्या सुटीत आम्ही आठ जण (मी, यजमान, सासू-सासरे, दीर, जाऊबाई आणि दोन मुले) आमच्या सात आसनी गाडीने पाच दिवसांत बदामी, हंपी, विजापूर, गोकर्ण आणि मुरुडेश्वर पाहून यावे, असे घरात ठरत आहे. सासूबाई इन्सुलिन घेतात आणि त्यांचे गुडघेही दुखतात. धाकट्या मुलाला वळणाच्या रस्त्यावर उलटी होते. तयारीला कोठून सुरुवात करावी?
– एक गृहिणी, खानापूर तालुका

उत्तर : तुमच्या पत्रात ठिकाणांची यादी आधी आली आहे आणि सासूबाईंची प्रकृती शेवटी. नियोजन करताना हा क्रम उलटा करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. गाडीत जी व्यक्ती सर्वांत लवकर थकते, तिला दिवसाकाठी किती तास बसवेल हे प्रथम ठरवावे आणि मग तेवढ्या तासांत काय बसते ते पाहावे. सासूबाईंचा विचार करता, प्रत्येक दोन तासांनी पंधरा मिनिटे उतरून पाय मोकळे करण्याची सोय धरून, दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक गाडी चालवू नये. तुमची पाच ठिकाणे जोडली तर हजार किलोमीटरहून अधिक अंतर होते. पाच दिवसांत एवढे अंतर कापता येईल, पण मग मंडळी गाडीतच बसून राहतील आणि पाहण्याचे जे आहे ते खिडकीतून पाहावे लागेल.

म्हणून गोकर्ण, मुरुडेश्वर आणि विजापूर या वेळी बाजूला ठेवावे. खानापूरहून समुद्र तसाही फार दूर नाही. हल्याळ, यल्लापूर आणि अरबैल घाटाने अंकोल्याला उतरून गोकर्णाला जाण्याचा बेत हिवाळ्यात स्वतंत्रपणे आखता येईल.

पहिल्या दिवशी सकाळी सातला निघून बेळगाव आणि यरगट्टीमार्गे दुपारच्या जेवणापर्यंत बदामीला पोहोचावे आणि तो दिवस विश्रांतीसाठी सोडावा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर लेणी पाहावीत. तेथील चार लेण्यांपैकी तिसऱ्यात इ. स. 578 चा शिलालेख आहे, आणि मुलांना विष्णूची भव्य शिल्पे दाखवायची तर तेथेच. मात्र लेण्यांपर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात, वाटेत माकडांचा उपद्रवही असतो, तेव्हा सासूबाईंनी खाली अगस्त्य तीर्थाच्या काठी बसणे उत्तम. याउलट पट्टदकलची देवळे सपाट आवारात एकमेकांजवळ उभी आहेत, तेथे त्यांना सावकाश फिरता येईल. ते अंतर बदामीहून सुमारे बावीस किलोमीटर आहे. ऐहोळे त्याच दिवशी पाहावे की नाही, हे सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवावे.

तिसऱ्या दिवशी होस्पेट किंवा कमलापूर गाठावे, चौथा दिवस पूर्ण हंपीसाठी ठेवावा, आणि पाचव्या दिवशी कोप्पळ, गदग, हुबळी, धारवाडमार्गे परतावे. हा परतीचा पल्ला अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण रस्ता बहुतांश चौपदरी असल्याने त्रास कमी होतो. हंपीत विठ्ठल मंदिरापर्यंत खासगी गाडी जात नाही. ती अलीकडे उभी करून बॅटरीवर चालणाऱ्या गाडीने जावे लागते, आणि सुटीत तेथे रांग लागते. म्हणून दगडी रथ सकाळी सर्वांत आधी पाहावा. दुपारी तेथील खडक तापतात, तेव्हा बारा ते साडेतीन मुक्कामीच थांबावे. बदामीत आणि कमलापुरात कर्नाटक पर्यटन महामंडळाची ‘मयूर’ हॉटेले आहेत, परंतु दसऱ्यात खोल्या लवकर भरतात. आरक्षण महिनाभर आधी करावे आणि तळमजल्याची खोली मागून घ्यावी.

आता गाडीविषयी. सात आसनांच्या गाडीत आठवा माणूस बसवू नये, मूल मांडीवर घेऊनही नाही. धडक बसली तर मांडीवरचे मूल कोणाच्याही हातांनी धरून ठेवता येत नाही. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर कायद्याने एक हजार रुपये दंड आहे, पण दंड ही येथे सर्वांत लहान गोष्ट समजावी. शिवाय तिसरी रांग उघडली की सामानाला जागाच उरत नाही. दीर-जाऊबाईंनी हुबळीहून रेल्वेने होस्पेट गाठून तेथे तुम्हाला भेटावे, किंवा दुसरी गाडी घ्यावी.

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी. दहा दिवस आधी करावे, म्हणजे काही नीट बसवायचे राहिले असेल तर ते घराजवळच्या फेऱ्यांत लक्षात येते आणि मेकॅनिकही हाताशी असतो. हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा. गाडी भरलेली असताना किती दाब हवा, हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या संकेतातील शेवटचे चार अंक त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दाखवतात. नक्षी चांगली दिसत असली तरी जुन्या टायरवर कुटुंब नेऊ नये. स्टेपनीत हवा आहे, जॅक आणि पाना गाडीत आहे, एवढे घरच्या अंगणातच पाहून घ्यावे.

इन्सुलिन डिकीत किंवा डॅशबोर्डवर कधीही ठेवू नये, कारण बंद गाडीतील उष्णतेने ते निकामी होते. थंड राहणाऱ्या पिशवीत, बर्फाला थेट टेकणार नाही असे, बसण्याच्या जागेजवळ ठेवावे. औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत विभागावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये असावा. साखर एकदम उतरली तर लगेच देण्यासाठी ग्लुकोज किंवा साखर सासूबाईंच्या स्वतःच्या हातपिशवीत हवी, सुनेच्या नव्हे. त्यांच्या जेवणाची वेळ हीच सर्वांच्या जेवणाची वेळ ठरवावी. उत्तर कर्नाटकातील खानावळीत ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्याची एणगाई सहज मिळते, त्यामुळे पथ्याची मोठी अडचण येणार नाही. धाकट्याला निघताना भरपेट खाऊ घालू नये, त्याच्या हाती मोबाईल देऊ नये, आणि उलटीचे औषध बालरोगतज्ज्ञांना विचारून निघण्यापूर्वीच द्यावे. यरगट्टीच्या पुढे पाट्या बहुतांशी कन्नडमध्ये आहेत. मुले शाळेत कन्नड शिकत असतील तर पाट्या वाचण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे. त्यांची नजर रस्त्यावर राहिली की मळमळही कमी होते.

प्रश्न : माझे धाकटे बंधू कोल्हापूरला आहेत. त्यांच्या आणि आमच्या मुलांच्या सुट्या कधीच जुळत नाहीत. दोन्ही कुटुंबांनी एकत्र जायचे तर कोणते दिवस धरावेत?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : सीमेवरच्या घरांची ही नेहमीची अडचण आहे, आणि ती मी मनापासून समजू शकतो, कारण आतेभावंडे-मामेभावंडे वर्षातून एकदाही आठवडाभर एकत्र राहू नयेत ही खरोखर हळहळण्यासारखी गोष्ट आहे. कर्नाटकातील शाळांना मोठी मधली सुटी दसऱ्याला मिळते आणि दिवाळीत मोजकेच दिवस. महाराष्ट्रात दिवाळीची सुटी मोठी असते. उन्हाळ्यातही कर्नाटकातील शाळा एप्रिलमध्ये लवकर बंद होऊन मेअखेर उघडण्याच्या तयारीला लागतात, तर महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी दोन्हीकडचा हमखास समाईक काळ म्हणजे मे महिन्याचे पहिले तीन आठवडे. त्या वेळी हंपी-बदामीचा विचारही करू नये. पन्हाळा, आंबोली किंवा कोकण बरे. दिवाळीतच जायचे असेल तर लक्ष्मीपूजनानंतरचे दोन-तीन दिवस आणि जवळचे ठिकाण, एवढीच अपेक्षा ठेवावी. दोन्ही शाळांची वर्षाची वेळापत्रके जूनमध्येच समोरासमोर ठेवून तारखा ठरवाव्यात. दिवाळीच्या आसपास 1 नोव्हेंबर येत असेल तर त्या दिवशी बेळगाव शहरातून जाणे टाळावे. राज्योत्सवाच्या मिरवणुकीमुळे शहरातील रस्ते दिवसभर अडलेले असतात.

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांची पांढऱ्या पाटीची मोठी गाडी चालकासह स्वस्तात मिळते. पंढरपूर आणि तुळजापूरला जाण्यासाठी ती भाड्याने घ्यावी का?
– एक सेवानिवृत्त शिक्षक, चिकोडी

उत्तर : घेऊ नये. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी वापरासाठी नोंदलेली असते. भाडे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना तिला नसतो आणि खासगी गाडीच्या विम्यातून भाड्याचा वापर वगळलेला असतो. दुर्दैवाने अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग तुमची ओळख त्या गृहस्थांच्याही कामी येत नाही आणि तुमच्याही. पिवळ्या पाटीची गाडी घ्यावी. महाराष्ट्रात जायचे असल्याने पर्यटक परवाना, विमा, फिटनेस आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांची मुदत तिच्या मालकाकडे विचारावी. विचारायला संकोच वाटू देऊ नये, आपण आपली माणसे त्या गाडीत बसवणार आहोत. भाडे किलोमीटरवर की दिवसावर, दिवसाला किमान किती किलोमीटर धरले जाणार, चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग कोणाकडे, हे लिहून घ्यावे. चालकाच्या झोपण्याची सोयही भाड्याइतक्याच काळजीने ठरवावी. यात्रेच्या गावी चालक रात्रभर सीटवर अवघडून झोपतात आणि पहाटे आपण त्यांनाच गाडी काढायला सांगतो. ही प्रथा मला अत्यंत चुकीची वाटते.

प्रश्न : फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा का?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : हा पास 15 ऑगस्ट 2025 पासून 3000 रुपयांत सुरू झाला. तो एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो, आणि तो फक्त खासगी मोटार, जीप व व्हॅनसाठी आहे. तुम्ही हत्तरगी किंवा कोगनोळी नाक्यावरून दर आठवड्याला ये-जा करत असाल तर अवश्य घ्यावा. वर्षातून एका सहलीसाठी नको. राज्याच्या रस्त्यांवरील टोलला तो लागू नाही, तेव्हा फास्टॅगच्या खात्यात पैसे ठेवावेच लागतात.

प्रश्न : दिवाळीनंतर रात्री नऊला निघून आजरा, आंबोलीमार्गे पहाटे सावंतवाडीला पोहोचावे, म्हणजे एक दिवस वाचतो, असे माझ्या मुलाचे म्हणणे आहे. आपले मत काय?
– एक वाचक, अथणी

उत्तर : माझा याला स्पष्ट विरोध आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात उसाचा गळीत हंगाम सुरू होतो आणि अथणी, चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज या संपूर्ण पट्ट्यात रात्रभर ऊसवाहतूक चालते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर, त्यांतून बाजूला आलेला ऊस, मागे दिवा नाही, असलाच तर चिखलाने झाकलेला, आणि चाक पंक्चर झाले की तो सांगाडा रस्त्यातच उभा. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात डोळे दिपले असताना असा ट्रेलर दिसतो तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेले नसते. ट्रॅक्टरचालकांना मी दोष देत नाही. ऊस वेळेत कारखान्यावर पोहोचवण्याची त्यांच्यावर सक्ती असते. ट्रेलरला मागे परावर्तक पट्ट्या लावण्याचा आग्रह कारखान्यांनी गेटवरच धरला तर पुष्कळ जीव वाचतील.

त्यापुढे आजऱ्यानंतर जंगल लागते, गवे रस्त्यावर येतात, आणि आंबोलीत मध्यरात्रीनंतर धुके उतरते. म्हणजे चालक सर्वांत थकलेला असतो तेव्हाच सर्वांत अवघड रस्ता समोर येतो. वाचलेला दिवस पुढे सावंतवाडीत झोपून काढावा लागतो तो वेगळाच. पहाटे साडेपाचला, उजाडण्याच्या थोडे आधी निघावे, गडहिंग्लजला न्याहारी करावी आणि घाट उन्हे वर आल्यावर उतरावा. उतारावर ब्रेक दाबून धरण्यापेक्षा खालचा गिअर ठेवावा. महामार्गावर गाडी बंद पडली तर 1033 आणि अन्य कोणत्याही संकटात 112 हे क्रमांक मोबाईलमध्ये साठवून ठेवावेत. एवढे करूनही मुलगा रात्रीचाच आग्रह धरत असेल, तर संकेश्वरला एक मुक्काम करावा. एका खोलीचे भाडे हा त्या प्रवासातील सर्वांत योग्य खर्च ठरेल.