मानेतून डोक्यात जाणाऱ्या कळेसाठी नसेला करंट देणारं यंत्र बसवावं का?

तुमच्या आईंना चार वर्षं मानगुटीतून डोक्यात कळ जाते, गोळ्यांनी भागत नाही, म्हणून डॉक्टरांनी नसेजवळ करंटची तार बसवायचं सुचवलंय. माझ्या मानेत अशीच तार आहे, म्हणून लिहितोय.

आमची निफाडकडे द्राक्षबाग. मांडवाखाली मान वर करून घडांची विरळणी करण्यात वीस वर्षं गेली. दुखणं त्यानेच आलं असं ठाम सांगत नाही. पण उशीला डोकं टेकलं की टाळूपर्यंत चमक जायची, कंगवासुद्धा नको व्हायचा.

हे यंत्र दुखण्याचं मूळ काढत नाही, हे आईंना आधी सांगा. मानेच्या वरच्या मणक्यांतून निघालेली ऑक्सिपिटल नस डोक्याच्या मागच्या भागात जाते. तिच्याजवळ कातडीखाली तार ठेवून हलका करंट देतात. कळेच्या जागी मुंग्या येतात आणि दुखणं दबतं. वीनर आणि रीड या डॉक्टरांनी 1999 साली या उपचाराचा अनुभव छापला, तेव्हापासून तो पसरला.

माझं कळकळीचं सांगणं एकच, चाचणीशिवाय, म्हणजे आधी काही दिवस तात्पुरतं लावून बघितल्याशिवाय, कायमचं यंत्र बसवू नका. मी आधी नाशिकलाच त्या नसेचं ब्लॉकचं, म्हणजे नस बधिर करायचं इंजेक्शन घेतलं. आराम पडला, पण टिकला नाही. मग चाचणीसाठी मुंबई. तार सरकवताना मला जागं ठेवलं होतं. "मुंग्या कुठे येतात?" असं डॉक्टर विचारत होते आणि मी सांगत होतो, कानामागे, अजून वर, हां, आता टाळूवर.

पुढे आठवडाभर बॅटरी बाहेरच असते. मान झटक्यात वळवायची नाही, पण हलकी कामं करायची. बायकोने फवारणीच्या वहीत मागच्या पानांवर रोज लिहिलं: दुखणं दहापैकी किती, झोप किती, गोळ्या किती. आठावरून तीनवर आलं. सहाव्या रात्री मी उताणा झोपलो. साधारण निम्म्याने तरी फरक पडला तरच पुढे जातात.

त्रासही होतो. आठव्या महिन्यात माझी तार सरकली, पुन्हा टाके पडले. जंतुसंसर्गाची भीती असते. एमआरआय चालेल असंच यंत्र आहे ना, हे आधी विचारा. खर्च लाखांत जातो, तेव्हा विमा कंपनीचा होकार लेखी घ्या.

हातातली ताकद कमी झाली असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा. नसेल, तर वही आजच सुरू करा. चाचणीच्या आठवड्याशी ताडून बघायला आधीचे आकडे लागतात.