दुसऱ्या महायुद्धात हलफाया खिंड इतकी महत्त्वाची का होती?

इजिप्त-लिबिया सीमेवर सोल्लूमजवळ किनाऱ्यालगत उंच कडा आहे. रणगाडे वर चढवायच्या मोजक्या वाटांपैकी ही एक, म्हणून ब्रिटिश आणि जर्मन दोघांनाही ती हवीच होती. 15 जून 1941 रोजी ब्रिटिशांनी हल्ला केला. वरून कॅमेरॉन हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण आणि माटिल्डा रणगाडे, खालून आपली मराठा लाइट इन्फंट्री व राजपुताना रायफल्स. जर्मनांनी 88 मिमीच्या विमानवेधी तोफा खड्ड्यांत अशा पुरल्या होत्या की जमिनीवर फक्त नळी दिसावी. माटिल्डाचं जाड चिलखतही टिकलं नाही. बचावाचं नेतृत्व कॅप्टन विल्हेल्म बाख यांचं. मूळचे ते पाद्री! खालून चढणाऱ्यांसोबतही मोजके माटिल्डा होते, पण त्यातले बहुतेक सुरुंगांवर निकामी झाले. खिंड अखेर जानेवारी 1942 मध्ये पडली, वेढ्यात अन्नपाणी संपल्यावर.