जुनं घर घेऊन विकणार असशील तर

सोलापुरात जुनं घर दुरुस्त करून विकायचं म्हणतोस, तर आधी रंगाचा विचार डोक्यातून काढ. गावठाणातली माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेली घरं वरून धडधाकट दिसतात. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे पेचकस टोचून बघ. भुगा निघाला तर लाकूड आतून पोखरलंय, आणि बजेट तिथेच कोलमडणार. भिंतीच्या पायथ्याला पांढरी पूड, म्हणजे लोणा दिसला, तर वर पुट्टी मारू नकोस. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघतात, नेमकं गिऱ्हाईक घर बघायला येतं तेव्हा! ओल कुठून येते ते शोध, गिलावा विटेपर्यंत खरवड, भिंत नीट वाळू दे.

गिलाव्याचं काम एप्रिल-मेमध्ये काढूच नकोस. पारा ४० च्या वर, त्यात नळाला रोज पाणी नाही. ताज्या गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं, ते आणायचं कुठून? तडे गेल्यावर मिस्त्रीवर खापर फोडून काय उपयोग? तेव्हाच काढावं लागलं तर आधी हौद भरून ठेव.

सौद्याआधी मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढ, वारसांची नावं तपास. एका बहिणीची सही राहिली तरी पुढची विक्री अडते. आणि मिस्त्रीला पैसे काम होईल तसे दे, सगळी उचल एकदम नको.